अमेरिकेत पहिली बुलपप रायफल: निवड, खरेदी आणि आपल्या अंगाला बसवणे

ज्या रायफलीत मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) चापाच्या, म्हणजे ट्रिगरच्या, पुढे नसून मागे, बटाच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) पोकळीत असतात, तिला बुलपप म्हणतात. या मांडणीचा फायदा एका वाक्यात सांगता येतो: नळी पूर्ण लांबीची राहते आणि रायफल मात्र आखूड होते. १६ इंची नळीची एआर-१५, म्हणजे अमेरिकेतली नेहमीच्या मांडणीची रायफल, बट आत सरकवूनही ३२ इंचांच्या आसपास भरते, तर जवळपास तेवढ्याच नळीची बुलपप २६ ते २९ इंचांत मावते. तोटे मात्र एका वाक्यात सांगता येत नाहीत. त्यांपैकी बरेचसे मला रायफल घरी आणल्यानंतर कळले, म्हणून हा लेख.

मी टेक्सासमध्ये राहते, माझी उंची ५ फूट २ इंच आहे आणि गेली काही वर्षे मी टॅव्होर एक्स-९५ ही इस्रायली बुलपप वापरते आहे. उंचीचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण बुलपपच्या बाबतीत बहुतेक प्रश्न शेवटी लांबीपाशी येऊन थांबतात: तुमच्या हाताची लांबी, रायफलीची लांबी आणि कायद्याने ठरवलेली लांबी. भारतातील वाचकांना हीच रायफल केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांच्या हातात पाहून माहीत असेल. परंतु अर्धस्वयंचलित (चाप ओढला की दर वेळी एकच गोळी सुटणारी आणि पुढची आपोआप भरणारी) रायफल भारतात नागरिकाला सर्वसाधारण परवान्यावर बाळगता येत नाही. पुढील सर्व मजकूर त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे.

१. दुकानात जाण्याआधी आपला व्हिसा तपासा

केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीस, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ धारकास, बंदूक अथवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला मोजके अपवाद आहेत, आणि त्यांपैकी सामान्य माणसाच्या आवाक्यातला अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला ही मनाई लागू नाही. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणे म्हणजे ग्रीन कार्ड हातात असणे नव्हे. आपल्याकडील अनेकांची गफलत इथेच होते. अशा मधल्या अवस्थेत असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका, कारण चूक झाली तर रायफलीसोबत अमेरिकेतले वास्तव्यही धोक्यात येते.

‘जवळ बाळगणे’ या शब्दांत रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक दहा मिनिटे हाताळणेही येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. माझे वडील साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी नोकरी ७.६२ च्या एसएलआर रायफलीवर झाली. ते व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले तेव्हा माझी रायफल एकदा चालवून पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. शिकार परवाना नसल्यामुळे मी त्यांना नाही म्हटले. त्यांनी रायफलीला हात न लावता माझ्यामागे उभे राहून माझा श्वास आणि खांदा दुरुस्त केला, आणि त्या एका दुपारी मी जेवढे शिकले तेवढे कोणत्याही पैसे भरून केलेल्या वर्गात शिकले नाही. आईवडिलांना हौसेने रेंजवर नेणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा, आणि घरात एच-४ वर जोडीदार किंवा पाहुणे असतील तर तिजोरीची किल्ली व आकडे फक्त स्वतःपाशी ठेवावेत.

याच संदर्भातला दुसरा सापळा मैत्रीचा आहे. व्हिसावर असलेला मित्र पैसे देतो आणि ‘तुझ्या नावावर घे’ म्हणतो. बंदूक घेताना दुकानात भरायच्या केंद्रीय फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार कोण, असा स्पष्ट प्रश्न असतो आणि त्याचे खोटे उत्तर हा केंद्रीय गुन्हा आहे. नाते कितीही जवळचे असले तरी इथे नकार द्यावा.

२. राज्याचा कायदा वाचा, आणि लांबीचे कलम विशेष करून वाचा

टेक्साससारख्या राज्यात रायफल घेण्यासाठी राज्याची वेगळी परवानगी लागत नाही. परंतु मराठी माणसे ज्या राज्यांत मोठ्या संख्येने राहतात त्यांपैकी काहींत परिस्थिती अगदी उलट आहे. कॅलिफोर्नियात ३० इंचांपेक्षा कमी एकूण लांबीची, सेंटरफायर काडतुसाची (बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्या; ५.५६ त्यातच येते) अर्धस्वयंचलित रायफल ‘असॉल्ट वेपन’ ठरते, त्यामुळे आखूडपणा हाच जिचा गुण ती बुलपप तिथे त्याच गुणामुळे बाद होते. वॉशिंग्टनच्या २०२३ च्या कायद्यातही ३० इंचांची अशीच अट आहे. न्यू जर्सीच्या बंदी यादीत स्टायर ऑग नावानिशी नोंदलेली आहे, मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे, आणि कोणतीही रायफल घेण्यासाठी आधी खरेदीदाराचे ओळखपत्र काढावे लागते. इलिनॉयनेही २०२३ पासून अशा रायफलींची विक्री थांबवली आहे. नोकरीमुळे राज्य बदलण्याची शक्यता असेल तर त्या राज्याचाही कायदा आत्ताच पाहून ठेवा. डॅलसमध्ये कायदेशीर असलेली रायफल सामानाच्या ट्रकमधून न्यू जर्सीतल्या एडिसनला नेणे हा तिथे गंभीर गुन्हा होऊ शकतो.

३. हातात धरून तुलना करा, कागदावर नको

नवख्या माणसाने ५.५६ नाटो काडतुसाची रायफल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे: काडतुसे सर्वत्र मिळतात, धक्का सौम्य असतो आणि बहुतेक बुलपपमध्ये एआर-१५ चेच मॅगझिन चालते. एफएनची पीएस-९० दिसायला वेगळी आणि ५० गोळ्यांच्या आडव्या मॅगझिनमुळे मोहात पाडणारी असली, तरी तिचे ५.७×२८ काडतूस महाग पडते आणि महाग काडतूस म्हणजे कमी सराव. उरलेल्या चार रायफली मी रेंजवर आणि ओळखीच्यांकडून घेऊन पुरेशा चालवल्या आहेत, म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते.

स्टायर ऑग ही या चारांतली सर्वांत जुनी. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘एसटीजी ७७’ या नावाने स्वीकारली. अमेरिकेत विकली जाणारी ए-३ एम-१ ही तिचीच अर्धस्वयंचलित आवृत्ती. नळी एका फिरकीत निघते, मॅगझिन अर्धपारदर्शक असल्याने उरलेल्या गोळ्या दिसतात, आणि तोल असा आहे की एका हाताने धरली तरी ती खाली झुकत नाही. तिचे स्वतःचे मॅगझिन वेगळे आहे. एआरचे मॅगझिन चालणारे ‘नाटो’ बट निराळे मिळते. परंतु त्या नाटो बटात डाव्या बाजूने पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे रिकामे कवच) बाहेर काढण्याची सोय नाही. डावखुऱ्यांनी ही गोष्ट पैसे मोजण्याआधी लक्षात घ्यावी.

टॅव्होर एक्स-९५ अमेरिकी बाजारात २०१६ साली आली. तिच्या आधीची टॅव्होर एसएआर अजूनही जुन्या मालात स्वस्त मिळते, पण तिचा चाप फार जड आहे आणि मॅगझिन सोडण्याची कळही अडचणीची. एक्स-९५ मध्ये दोन्ही गोष्टी सुधारल्या आहेत आणि मॅगझिनची कळ एआरप्रमाणे चापाजवळ आली आहे. साडेसोळा इंची नळीसह तिची एकूण लांबी २६ इंचांहून जेमतेम आठवा भाग इंच जास्त भरते. हा आठवा भाग विसरू नका, पुढे त्याचेच काम आहे.

स्प्रिंगफील्डची हेलियन २०२२ मध्ये आली. ती क्रोएशियाच्या व्हीएचएस-२ या सैनिकी रायफलीची नागरी आवृत्ती. बटाची लांबी पाच टप्प्यांत बदलता येणारी ही या चारांतली एकमेव रायफल, आणि पुंगळी बाहेर पडण्याची बाजूही वेगळा भाग विकत न घेता बदलता येते. वजन साधारण ८ पौंड. मी आज नव्याने घेत असते तर बहुधा हीच घेतली असती, कारण घरातील दोन वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना ती सारखीच सोयीची पडते.

केल-टेकची आरडीबी पुंगळी खाली टाकते, त्यामुळे डाव्या-उजव्याचा प्रश्नच उरत नाही. गोळी सुटल्यावर यंत्रणा चालवणारा गॅस कमी-जास्त करण्याची सोय तिच्यात आहे, वजन कमी आहे आणि चारांत ती साधारणपणे सर्वांत स्वस्त असते. मात्र सुटे भाग आणि बाहेरच्या कंपन्यांची जोडसाधने तिच्यासाठी कमी मिळतात, आणि नवी आणल्यावर आपल्या काडतुसाप्रमाणे गॅस जुळवून घ्यावा लागतो.

दुकानात पाहताना ही क्रमवारी ठेवा: दुकानदाराकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या, बट खांद्याला लावा, डोळे मिटून गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. समोरची, नेमसाधन बसवायची पट्टी डोळ्यांच्या रेषेत येत नसेल, किंवा चापापर्यंत बोट पोहोचवण्यासाठी कोपर सरळ ताणावे लागत असेल, तर ती रायफल तुमच्या अंगाची नाही. थंडीत कोट घालून जाणार असाल तर कोट घालूनच पाहा.

४. खरेदीचा दिवस

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

- छायाचित्र, जन्मतारीख आणि सध्याचा पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र, म्हणजे बहुधा ड्रायव्हिंग लायसन्स
- पत्ता बदललेला असेल तर नवा पत्ता दाखवणारे आणखी एक सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ वाहन नोंदणी
- ग्रीन कार्डधारकांसाठी ग्रीन कार्ड, कारण त्यावरील ‘ए’ क्रमांक फॉर्मवर लिहावा लागतो
- शिकारीच्या अपवादावर विसंबून असाल तर मुदतीतला शिकार परवाना
- राज्याला लागत असेल ते खरेदीदाराचे ओळखपत्र किंवा परवाना

विक्रेता फॉर्म ४४७३ भरून घेतो आणि एफबीआयच्या प्रणालीवर तुमची पूर्वतपासणी होते. उत्तर कधी काही मिनिटांत येते, तर कधी ‘विलंब’ असे येते. आपली नावे लांब असतात आणि वडिलांचे नाव कधी मधले नाव म्हणून, कधी पहिल्या नावाला चिकटून नोंदलेले असते. लायसन्सवर जसे आहे अगदी तसेच फॉर्मवर लिहा. एच-१बीच्या काळातले, ‘तात्पुरता रहिवासी’ अशा अर्थाची खूण असलेले जुने लायसन्स घेऊन गेल्यास काउंटरवर प्रश्नोत्तरे होणारच, म्हणून ते आधी बदलून घ्या. गांजा राज्याच्या कायद्याने मोकळा असला तरी केंद्रीय कायद्याने नाही, आणि हा प्रश्नही फॉर्मवर ठळक शब्दांत विचारलेला असतो.

५. पहिल्या ३०० गोळ्या: काहीही बदलू नका

नवी रायफल घरी आली की जोडसाधने मागवण्याचा मोह होतो. तो आवरा. कारखान्यातून आली तशाच रायफलीने किमान ३०० गोळ्या तीन-चार फेऱ्यांत झाडा आणि दर वेळी काय खुपले ते वहीत लिहा. पहिल्या फेरीत मला चाप असह्य वाटला होता. तिसऱ्या फेरीपर्यंत चापाची सवय झाली आणि खरा त्रास बटाच्या लांबीचा आहे हे उमगले.

या फेऱ्यांत दोन गोष्टी काटेकोरपणे पाळा. बुलपपमध्ये स्फोट होतो तो तुमच्या गालाखाली आणि कानाजवळ, आणि नळीचे तोंडही नेहमीच्या रायफलीपेक्षा जवळ असते. कानात बोळे आणि त्यावर कर्णकवच, अशी दुहेरी सुरक्षा घ्या. दुसरे म्हणजे काडतुसाबाबत काटकसर नको. कोणाच्या तरी घरी पुन्हा भरलेली काडतुसे वापरू नका. ५.५६ च्या रायफलीत .३०० ब्लॅकआउटचे काडतूस चुकून गेले तर ती फुटू शकते, आणि दोन्हींना एकच मॅगझिन चालत असल्यामुळे ही चूक सहज घडते. घरात दोन्ही काडतुसे असतील तर मॅगझिनांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा आणि रेंजवर एका वेळी एकच प्रकार न्या.

मॅगझिन बदलण्याचा सराव घरी, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, बनावट काडतुसांवर करा. मॅगझिन काखेजवळ असल्याने सुरुवातीला मान खाली घालून शोधावे लागते. रोज दहा मिनिटे केल्यास दोन आठवड्यांत हात आपोआप तिथे जातो.

६. आता बदल, एका वेळी एकच

अ) बटाची लांबी. बुलपपमध्ये बट हेच रायफलीचे शरीर असल्याने ते आत सरकत नाही. हेलियन हा अपवाद. कमी उंचीच्या माणसाला खांद्यापासून चापापर्यंतचे अंतर म्हणूनच जास्त वाटते. यावरचा सोपा उपाय म्हणून पातळ रबरी बटपट्टी सुचवली जाते. मलाही एका दुकानात ‘लावा, काही होत नाही’ असे सांगण्यात आले. घरी येऊन मी आधी मोजमाप केले, आणि ती पट्टी लावल्यास माझ्या रायफलीची लांबी २६ इंचांच्या खाली जात होती. केंद्रीय कायद्यानुसार १६ इंचांहून कमी नळीची किंवा २६ इंचांहून कमी एकूण लांबीची रायफल ही ‘आखूड नळीची रायफल’ ठरते आणि तिची नोंदणी आधी करावी लागते. विनानोंदणी ती बाळगणे हा मोठा गुन्हा आहे. मी पट्टी पाकिटातून पूर्ण बाहेरही न काढता परत केली.

मोजमाप असे करावे. रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. नळीच्या तोंडावरचे जोडसाधन वेल्डिंगने अथवा तत्सम रीतीने कायमचे बसवलेले नसेल तर ते मोजू नका. एकूण लांबी नळीला समांतर रेषेत, नळीच्या तोंडापासून बटाच्या टोकापर्यंत मोजा. नळीची लांबी मोजताना बोल्ट बंद करून लाकडी सरळ काठी नळीतून बोल्टला टेकेपर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेर काढून मोजा.

१ जानेवारी २०२६ पासून आखूड नळीच्या रायफलीवरचा आणि सप्रेसरवरचा (आवाज कमी करणाऱ्या नळकांड्यावरचा) २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे. त्यामुळे नोंदणीच संपली असा समज पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरी हे सर्व पूर्वीप्रमाणेच लागते आणि मंजुरी हातात येईपर्यंत रायफल आखूड करायची नसते.

मी अखेर लांबीचा प्रश्न रायफल न बदलता सोडवला: अंग थोडे अधिक समोरासमोर वळवले, बट गळ्याच्या हाडाकडे आत घेतले आणि पट्टा आखूड केला. कमी उंचीच्या वाचकांनी हे आधी करून पाहावे.

आ) चाप. बुलपपमध्ये चाप पुढे आणि घोडा (काडतुसावर आघात घडवणारा भाग) मागे, त्यामुळे दोघांना जोडणारी लांब पट्टी लागते. चाप ओढताना जो लवचीक, रबरासारखा भास होतो तो तिच्यामुळे. एक्स-९५ चा ट्रिगर पॅक, म्हणजे घोडा आणि स्प्रिंगांचा एकत्र संच, दोन खिळी काढली की अख्खा खाली उतरतो, आणि गाइसली कंपनीचा सुपर साब्रा त्याच जागी बसतो. फरक निश्चित जाणवतो, तरी जोडपट्टी तशीच राहत असल्याने चांगल्या एआरसारखा कोरडा तुटणारा चाप मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मूळ पॅकमधील स्प्रिंगा कापणे किंवा भाग घासणे मात्र कदापि करू नका; गोळी आपोआप सुटण्याचा धोका त्यातून निर्माण होतो.

इ) दुर्बीण. गाल नळीच्या सरळ रेषेत टेकत असल्याने नेमाची रेषा नळीपासून साधारण अडीच इंच वर राहते. परिणामी ५० यार्डांवर नेम जुळवलेली रायफल १० यार्डांवर जवळजवळ दोन इंच खाली मारते. ही रायफलीची खोड नव्हे, भूमिती आहे; हे न कळल्यामुळे लोक जुळलेला नेम पुन्हा बिघडवून बसतात. सुरुवातीला न वाढवणारी लाल ठिपक्याची दुर्बीण पुरे.

ई) पुढचा भाग. पकडायला जागा कमी आणि नळीचे तोंड जवळ, म्हणून बोटे पुढे घसरू नयेत यासाठी एक छोटा अडसर लावा. हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक बदल आहे. वजन मागे असल्याने पुढे दिवा लावला तरी तोल बिघडत नाही. धक्का कमी करणारा मझल ब्रेक मात्र टाळा. आखूड रायफलीवर त्याचा आवाज शेजारच्यालाही सोसत नाही. जुन्या ऑगच्या नळीवर १३ मिलिमीटरचे डावे आटे असू शकतात, तर अमेरिकी साधने १/२×२८ च्या उजव्या आट्यांची असतात. जोर लावण्याआधी पाहा.

उ) डावखुरेपणा. एक्स-९५ आणि ऑगला डावा बोल्ट वेगळा घ्यावा लागतो. तो बसवल्यावर नळी आणि बोल्टमधील अंतर जाणकार कारागिराकडून तपासून घ्या.

ऊ) सप्रेसर. तो लावल्यावर वाढलेला गॅस पुंगळीच्या झरोक्यातून थेट डोळ्यांकडे येतो. हेलियन, ऑग आणि आरडीबीत गॅस कमी करता येतो. सप्रेसर हवाच असेल तर रायफल निवडतानाच याचा विचार करा.

७. परदेशी भागांचे गणित

आयात केलेल्या रायफलीत कायद्याने ठरवलेल्या २० भागांपैकी १० पेक्षा जास्त भाग परदेशी बनावटीचे असून चालत नाही. या यादीत नळी, बोल्ट, चाप, घोडा, बट, मूठ आहेत, आणि मॅगझिनचे तीन भागही आहेत. विक्रेत्याने हिशेब जुळवूनच रायफल दिलेली असते; तो बिघडतो तुम्ही अमेरिकी भाग काढून इस्रायली, ऑस्ट्रियन किंवा क्रोएशियन भाग बसवता तेव्हा. परदेशी भाग काढून अमेरिकी बसवल्यास अडचण नाही. प्रत्येक भागाची पावती आणि बनावटीचा देश वहीत नोंदवून ठेवा.

८. घरी लागणारी साधने

इंच-पौंडांत मोजणारा टॉर्क पाना (स्क्रू ठरावीक जोराने आवळणारा), षट्कोनी चाव्यांचा संच, .२२ मापाची साफसफाईची दोरी, तेल, बनावट काडतुसे, चेंबरमध्ये (नळीतील काडतुसाच्या जागेत) घालायची, रायफल रिकामी असल्याची रंगीत खूणपट्टी, आणि कुलूप लागणारी पोलादी तिजोरी. एक्स-९५ उघडण्यासाठी हत्यार लागत नाही; बटाची खीळ काडतुसाच्या टोकाने ढकलावी असे अनेक जण सांगतात, पण त्यासाठी बनावट काडतूसच वापरा. साफसफाईच्या टेबलावर खरे काडतूस असू नये.

कोणताही स्क्रू ढिला करून पुन्हा आवळला असेल तर त्याचा टॉर्क आणि तारीख लिहून ठेवा, स्क्रूवर रंगाची बारीक रेघ ओढा, आणि पुढच्या फेरीची पहिली पाच काडतुसे केवळ नेम पुन्हा तपासण्यासाठी राखून ठेवा.